आरसी विमान घरी बनवताय? मग या चुका टाळा

पहिलं घरगुती आरसी, म्हणजे रेडिओच्या रिमोटवर चालणारं विमान आपटलं की मैदानावर दोन कारणं हमखास ऐकू येतात. एक, वारा होता. दोन, सिग्नल गेला. वारा कधीकधी असतो, नाही असं नाही. पण आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या सेटचा सिग्नल शंभर-दीडशे मीटरवर आपणहून जात नाही. विमान पडणार हे बहुतेक वेळा घरच्या टेबलावरच ठरलेलं असतं. मैदानावर फक्त निकाल लागतो.

इथे बोलतोय ते नवशिक्यांच्या नेहमीच्या विमानाबद्दल: वर पंख असलेलं ट्रेनर, पंखाची लांबी एक मीटर, रुंदी २० सेंमी, २२१२ आकाराची १००० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे घेणारी) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ३एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी आणि ९ ग्रॅमचे चार सर्वो (विमानाचे हलणारे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरा). तुमचं विमान लहान-मोठं असेल तर आकडे बदलतील. चुका त्याच राहतील.

वजन दुकानातच वाढतं

बाल्साचं हलकं लाकूड महाग आणि सहज मिळत नाही, म्हणून आपल्याकडे बहुतेक जण फोमकडे वळतात. पहिला घोळ तिथेच होतो. स्टेशनरीच्या किंवा फ्लेक्सच्या दुकानात "फोमबोर्ड द्या" म्हटलं की दुकानदार सनबोर्ड काढून देतो. पांढराशुभ्र, गुळगुळीत, कटरने लोण्यासारखा कापला जाणारा. पण तो पीव्हीसीचा असतो. ३ मिमीचा चौरस मीटर दीड किलोच्या आसपास भरतो. दोन्ही बाजूंना कागद असलेला खरा फोमबोर्ड ५ मिमी जाड असूनही त्याच्या निम्म्यापेक्षा कमी वजनाचा असतो. हाताला फरक कळत नसेल तर १० बाय १० सेंमीचा तुकडा मागून घ्या आणि घरच्या डिजिटल काट्यावर ठेवा. ५-६ ग्रॅम आला तर शीट आणा. १५ ग्रॅम आला तर त्याची नावाची पाटी बनवा, विमान नको.

वजनाचं एवढं कौतुक का? पंखाचं क्षेत्रफळ २० चौरस डेसिमीटर आहे. विमान ७०० ग्रॅमचं असेल तर दर चौरस डेसिमीटरवर ३५ ग्रॅम भार येतो, आणि वेग साधारण ताशी २६-२७ किमीपर्यंत उतरला तरी ते हवेत तग धरतं. तेच विमान ११०० ग्रॅमचं झालं की भार ५५ वर जातो आणि ताशी ३३ किमीच्या खाली ते स्टॉल होतं, म्हणजे पंख हवा सोडतो. हाताने फेकून एवढा वेग देणं सोपं नाही, आणि उतरवताना तर नवशिक्याच्या हाताबाहेरचं आहे.

मोटर, ईएससी, बॅटरी, सर्वो, रिसीव्हर आणि प्रोपेलर मिळून ३३० ग्रॅमच्या आसपास जातात. उरलेल्या ३७० ग्रॅममध्ये सांगाडा बसवायचा. म्हणूनच ग्लू गन हातात आली की भान ठेवायला हवं. जाड कांडी १८-२० ग्रॅमची असते. चार कांड्या संपल्या की ७० ग्रॅम गेले. एकदा विमान फुटलं की लोक त्यावर पुन्हा ग्लू ओततात, वरून ब्राउन टेप गुंडाळतात, म्हणून दुसरं उड्डाण पहिल्यापेक्षा वाईट होतं, मग आणखी टेप. या चक्रातून बाहेर यायचा रस्ता म्हणजे तो भाग कापून नवा लावणं.

थर्माकोल वापरत असाल तर आणखी एक. फेविक्विक आणि चपला चिकटवायचं रबरी सोल्युशन, दोन्ही थर्माकोल खातात. स्प्रे पेंटही खातो. साधा फेविकॉल खात नाही, पण दोन फोमच्या मधे तो दोन-दोन दिवस ओला राहतो. घाई असेल तर ॲरल्डाइट वापरा, थोडंसंच.

सीजी: इथे सूट नाही

सीजी म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो ती जागा. सरळ पंखाच्या ट्रेनरमध्ये ती पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर हवी. आपल्या २० सेंमीच्या पंखात म्हणजे ५ ते ६ सेंमी. पहिल्या उड्डाणाला ५ धरा. पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना त्या जागी पेनाने खूण करा, दोन बोटांवर विमान तोला, बॅटरी आत ठेवूनच. नाक किंचित खाली झुकलं तर उत्तम.

नाक जड असलेलं विमान आळशी उडतं, उतरताना धावतं, पण उडतं. शेपूट जड असेल तर हातातून सुटताच नाक वर काढतं, थबकतं आणि एका अंगावर कोसळतं. रिमोटची काठी कितीही हलवा, उपयोग नसतो.

शेपूट जड होतं ते बहुधा शेपटीच्याच लाडापायी. जाड फोम, शेपटीत बसवलेले सर्वो, वर रंग, स्टिकर. शेपूट तोलाच्या जागेपासून ५० सेंमी लांब आणि नाक २० सेंमी पुढे असेल, तर शेपटीतल्या प्रत्येक १० ग्रॅमसाठी नाकात २५ ग्रॅम घालावे लागतात. म्हणून सर्वो पंखाखाली ठेवा आणि शेपटीपर्यंत सळई न्या. नाक आखूड ठेवायचा मोह टाळा. छान दिसतं, पण मग बॅटरी पुढे सरकवायला जागाच उरत नाही आणि शिसं भरायची वेळ येते.

आणि बॅटरी बांधा. नुसती कोंबलेली १८० ग्रॅमची बॅटरी विमान चढायला लागलं की मागे सरकते, आणि घरी तोललेला सीजी हवेत बदलतो. खाली वेल्क्रो, वर पट्टा. दोन्ही.

शेपटीचं माप आणि पंखाचा बाक

आडवी शेपूट पंखाच्या २० टक्क्यांच्या आसपास हवी. आपल्या विमानात ४०० चौरस सेंमी, तीही पंखापासून ५० सेंमी मागे असेल तर. धड आखूड केलंत तर शेपूट मोठी करावी लागते. पडद्यावर आवडलेल्या लढाऊ विमानाचा आकार उचलून त्याला तशीच बारीक शेपूट लावणारे हे विसरतात.

एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) न लावता फक्त रडरवर (उभ्या शेपटीची हलती पट्टी) वळवायचा बेत असेल तर पंख सपाट ठेवून चालत नाही. रडर नाक वळवतो, विमान कलत नाही, आणि ते घसरत तिसरीकडेच जातं. पंखाचं प्रत्येक टोक मधल्या भागापेक्षा किमान साडेचार-पाच सेंमी उंच हवं, म्हणजे दर बाजूला ५ अंशांचा बाक.

पंखाला पीळ आहे का तेही पाहा. विमान टेबलावर ठेवा, दोन मीटर मागे जाऊन एक डोळा मिटून बघा. डाव्या आणि उजव्या पंखाची मागची कड पुढच्या कडेशी सारखाच कोन करते का? उन्हात गाडीत ठेवलेला फोमचा पंख हमखास पिळलेला निघतो. पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दोन्ही बाजूंना दोऱ्याने मोजा. अंतर सारखं आलं पाहिजे.

पंखात आडवा आधार नसेल तर पहिल्या जोरदार वळणाला पंख मधून वर दुमडतो. आधी वरच्या कागदाला सुरकुती पडते, मग कडकन आवाज. कार्बनची नळी परवडत नसेल तर सरळ, कोरड्या बांबूची कामटीही चालते, पंखाच्या सगळ्यात जाड भागात.

मोटर, स्क्रू आणि प्रोपेलर

प्रोपेलर उलटा बसवणं ही इतकी नेहमीची चूक आहे की मैदानावर जुने लोक आधी तिथेच बघतात. मोटर गरागरा फिरते, आवाजही जोरात येतो, ओढ मात्र निम्मीच. १०×४.५ असे आकडे छापलेली बाजू विमानाच्या पुढे, म्हणजे उड्डाणाच्या दिशेला हवी. मोटर उलटी फिरत असेल तर ईएससीच्या तीनपैकी कुठल्याही दोन तारा अदलाबदल करा. प्रोपेलर उलटवून भागवू नका.

दुसरी गोष्ट नजरेला पडत नाही. २२१२ मोटरच्या मागे छोटे एम३ स्क्रू लागतात. प्लायवुडची पट्टी बसवताना घरात सापडलेला लांब स्क्रू लावला की त्याचं टोक आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांना टेकतं. वरचं इनॅमल खरवडतं, मोटर अडखळते, गोड-जळका वास येतो आणि जाताना ती ईएससीलाही घेऊन जाते. स्क्रू पूर्ण आवळण्याआधी मोटरच्या भोकातून टॉर्च मारून टोक कुठवर आलंय ते पाहा.

२२१२ हा फक्त आकार आहे. त्याच आकारात १०००, १४०० आणि २२०० केव्हीच्या मोटरा मिळतात. ३एसवर १००० केव्हीला १० इंची प्रोपेलर चालतो. २२०० केव्हीला ६ इंची लागतो. तिला १० इंची लावलात तर मोटर, ईएससी किंवा दोन्ही जातील.

मोटर थोडी खाली आणि थोडी उजवीकडे वळवून बसवा: २-३ अंश खाली, १-२ अंश उजवीकडे. सरळ बसवलेल्या मोटरमुळे थ्रॉटल वाढवला की विमान नाक वर काढतं आणि डावीकडे ओढतं. लोक ट्रिमने (काठीची मधली जागा किंचित सरकवायच्या बटणाने) ते दाबतात, मग थ्रॉटल कमी करताच विमान उलट वागायला लागतं.

टेबलावर चाचणी घेताना प्रोपेलर काढून ठेवा. १० इंची प्रोपेलर मिनिटाला सात-आठ हजार फेरे घेतो आणि बोट ओळखत नाही. ईएससी कॅलिब्रेट करायचं म्हणजे थ्रॉटल पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची. तेव्हा तर प्रोपेलर मोटरवर नकोच.

"सिग्नल गेला" म्हणजे बहुधा वीज गेली

स्वस्त ३० अँपिअरच्या ईएससीतला बीईसी रिसीव्हरला आणि सर्वोंना ५ व्होल्ट, २ अँपिअर देतो. चार सर्वो एकदम ताणले गेले, त्यातला एखादा अडकलेला असला, की व्होल्टेज खाली येतं आणि रिसीव्हर क्षणभर झोपतो. खाली उभ्या माणसाला वाटतं सिग्नल गेला. घरी चारही सर्वो एकाच वेळी टोकापर्यंत हलवा आणि रिसीव्हरचा दिवा बघत राहा. लुकलुकला तर वेगळा ५ व्होल्टचा बीईसी लावा. गुरगुरणारा सर्वो म्हणजे सळई कुठेतरी अडते आहे.

रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या नळीला समांतर चिकटवू नका, बॅटरीखाली दाबू नका. तिचं उघडं टोक जेमतेम ३ सेंमीचं असतं, तेवढं मोकळं ठेवा. आणि फेलसेफ, म्हणजे सिग्नल गेलाच तर मोटर बंद करणारी सोय, स्वतः बसवा. कित्येक सेटवर तो आपोआप येत नाही. प्रोपेलर काढा, थ्रॉटल थोडा द्या, ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे.

सळईसाठी सायकलची स्पोक चांगली. सर्वोच्या हातावर आतलं भोक आणि हलत्या पृष्ठभागाच्या हॉर्नवर (सळई अडकवायच्या छोट्या दांडीवर) बाहेरचं भोक वापरा. हालचाल बेताची होते आणि लटपट कमी होते. पहिल्या उड्डाणाला एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी) आणि एलेरॉन दोन्ही १० मिमी वर, १० मिमी खाली, बस. एक्स्पो (मधल्या जागेजवळ काठी मवाळ करणारी सेटिंग) ३० टक्के द्या, पण काही सेटवर तो उणे टाकावा लागतो, काहींवर अधिक. काठी मधल्या जागेवरून थोडीशी ढकलून पाहा: पृष्ठभाग मवाळ हलला पाहिजे, दचकून नाही.

उडवायच्या आधी, मागे उभं राहून

काठी उजवीकडे: उजवं एलेरॉन वर. काठी स्वतःकडे: एलिव्हेटर वर. रडर उजवीकडे: मागून पाहताना मागची कड उजवीकडे. हे मोठ्याने म्हणत तपासा, विमानाच्या मागे उभं राहून. समोरून तपासणारे हमखास फसतात, आणि उलटं एलेरॉन पाच सेकंदांत विमान जमिनीत घालतं.

फेकताना नाक आभाळाकडे करू नका. वाऱ्याच्या तोंडाला, जवळजवळ सपाट, थ्रॉटल पाऊणच्या पुढे, आणि फेकणारा दुसरा कुणीतरी असू द्या म्हणजे तुमची दोन्ही बोटं काठीवर राहतील. मोटर बंद ठेवून गवतात फेकून बघायची जुनी सवय आहे. ७०० ग्रॅमच्या विमानाबद्दल त्यातून फारसं कळत नाही, नाक मात्र फुटतं.

एप्रिल-मेच्या दुपारी नको. तापलेल्या माळावर वावटळी उठतात. सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा, कापणी झालेलं शेत किंवा मोकळा माळ बघा, वर विजेच्या तारा आहेत का ते आधी पाहा. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायची २५ किलोपर्यंतची मॉडेल विमानं येतात. त्यांना टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलचं सरकारी मान्यतापत्र) लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे, लाल भाग त्यांनाही लागू आहेत. ग्रीन झोनमध्ये मर्यादा ४०० फुटांची, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांची. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा, आणि नोंदणीच्या अटी बघून मगच जागा ठरवा.

पडल्यावर

तुकडे लगेच गोळा करू नका. आधी बॅटरी काढा, मग आठवा: पहिल्या तीन सेकंदांत विमानाने काय केलं? नाक वर काढून थबकलं आणि पडलं तर सीजी मागे. फेकताच डावीकडे लोळलं तर वेग कमी पडला किंवा मोटर सरळ बसलेली. जेवढं सावरावं तेवढं बिघडलं तर काठी उलटी. नीट उडत असताना अचानक सगळं मेलं तर बीईसी किंवा सैल कनेक्टर. मोटर तेवढी बंद पडली, सर्वो चालू राहिले, तर बॅटरी उतरलेली आणि ईएससीने मोटरची वीज तोडली. दर सेल ३.५ व्होल्टच्या आसपास आला की वाजणारा छोटा बझर लावा.

दुसऱ्यांदा उडवण्याआधी मोटर हाताने फिरवून शाफ्ट वाकलाय का ते पाहा. ९ ग्रॅमच्या सर्वोचे प्लास्टिकचे दात तपासा. एक दात तुटला तरी तो एका जागी टक्कन घसरतो. प्रोपेलरला केसाएवढी चीर दिसली तरी फेका. बॅटरीच्या कोपऱ्याला पोचा पडला असेल किंवा ती फुगली असेल तर पुन्हा चार्ज करू नका. धड असेल तर बॅलन्स चार्जिंग (सगळे सेल सारखे भरणारं), २२०० एमएएचला २.२ अँपिअर, आणि आठवडाभर उडवणार नसाल तर दर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.