टॅक्सी करताना आधी कोण जाणार? परदेशी विमानतळासाठी वैमानिकाची तयारी

परदेशात विमान न्यायचे ठरले की हवेतील नियम सगळेच वैमानिक मन लावून वाचतात; जमिनीवर विमान चालवताना, म्हणजे टॅक्सी करताना, मात्र टॉवर (विमानतळाचा नियंत्रण कक्ष) सांगेल तसे जाऊ, असे गृहीत धरले जाते. हे धोक्याचे आहे, कारण टॉवरची परवानगी असली तरी टक्कर टाळण्याची जबाबदारी वैमानिकावरच राहते आणि अनेक छोट्या विमानतळांवर टॉवरच नसतो.

प्रथम आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातील मूळ नियम पक्के करावेत. टॅक्सी करणारी विमाने समोरासमोर आली, तर दोघांनीही थांबावे किंवा शक्य असल्यास उजवीकडे वळावे. मार्ग एकमेकांना छेदत असतील, तर ज्याच्या उजवीकडे दुसरे विमान आहे त्याने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुरेसे अंतर राखावे. उतरणाऱ्या आणि उड्डाण घेणाऱ्या विमानाचा हक्क नेहमीच पहिला. यांतला उजवीकडचा नियम पाळणे वाटते तितके सोपे नाही: कॅप्टन डावीकडे बसतो, त्यामुळे ज्या बाजूच्या विमानाला वाट द्यायची तीच बाजू त्याला सर्वांत कमी दिसते. म्हणून प्रत्येक वळणाआधी सहवैमानिकाने उजवीकडे पाहून बाजू मोकळी असल्याचे मोठ्याने सांगावे.

युरोपीय संघाच्या 923/2012 या नियमावलीत हेच नियम जवळजवळ शब्दशः आले आहेत. अमेरिकेत मात्र वेगळे चित्र दिसते. तेथील हवाई नियमांतील कलम 91.113 उतरणाऱ्या विमानाला प्राधान्य देते, पण दोन टॅक्सी-वे (टॅक्सी करण्याचे मार्ग) मिळतात तिथे आधी कोणी जावे हे सांगत नाही. टक्कर होईल इतक्या जवळून विमान नेऊ नये, एवढे कलम 91.111 बजावते. शिवाय तिथे एप्रनवरील, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवरील, हालचाल सहसा टॉवरच्या अखत्यारीत येत नाही, त्यामुळे एप्रनवर आपली वाट आपणच जपावी लागते.

धावपट्टी ओलांडण्याबाबत तर कसलीही सवलत घेऊ नये. अमेरिकेतही 30 जून 2010 पासून वाटेत येणाऱ्या प्रत्येक धावपट्टीसाठी नियंत्रकाची स्पष्ट परवानगी लागते. त्याआधी उड्डाणाच्या धावपट्टीपर्यंत जाण्याच्या परवानगीतच मधल्या धावपट्ट्या ओलांडण्याची मुभा गृहीत असे. धावपट्टीच्या तोंडाशी लाल दिव्यांची आडवी रांग पेटलेली असेल, तर ती विझेपर्यंत थांबावे. 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटे जेट चुकीच्या टॅक्सी-वेवरून अशीच लाल रांग ओलांडून धावपट्टीवर आले आणि उड्डाण घेणाऱ्या प्रवासी विमानाशी झालेल्या टकरीत 118 जणांचा बळी गेला.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्या देशाची वैमानिकी माहिती पुस्तिका, म्हणजे एआयपी, उघडावी. तिच्या जनरल विभागातील 1.7 या भागात त्या देशाने आंतरराष्ट्रीय नियमांपासून घेतलेली फारकत नोंदवलेली असते. त्यानंतर ज्या विमानतळावर उतरायचे त्याच्या पानांतील 2.20 हा भाग वाचावा. टॅक्सीचे स्थानिक नियम तिथे सापडतात आणि ते विमानतळाच्या नकाशावर पेन्सिलीने उतरवून घ्यावेत.