आक्रमक फुलबॅकचा फॉर्म कसा जोखावा: क्लबची वही वेगळी, देशाची वेगळी

राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या सामन्यांचा आठवडा संपला की ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये आमच्या डब्यात एक वाद हमखास रंगतो. क्लबकडून दर आठवड्याला संघाची अख्खी बगल पेलणारा एखादा फुलबॅक, म्हणजे बचावफळीच्या कडेचा खेळाडू, देशाच्या जर्सीत दिसेनासा का होतो, आणि त्यात चूक त्याची की प्रशिक्षकाची, असा तो वाद असतो. मी काही वर्षांपूर्वी या वादात बोलण्याआधी वहीत नोंदी करू लागलो, तेव्हा लक्षात आले की दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा दोन वेगळी कामे एकाच मापाने मोजत असतात. त्या नोंदी कशा कराव्यात, हे येथे क्रमाने सांगतो. त्यासाठी एक दुरेघी वही, सामन्याचे चित्रण पुन्हा पाहण्याची सोय आणि एकाच खेळाडूवर नजर खिळवून ठेवण्याची सबुरी एवढे साहित्य पुरते.

पहिली पायरी: आधी काम लिहावे, मग कामगिरी

वहीच्या पानावर खेळाडूच्या नावाखाली सर्वांत आधी त्याला नेमून दिलेले काम लिहावे. ‘फुलबॅक’ या एकाच नावाखाली निदान तीन वेगळी कामे चालतात. चार जणांच्या बचावफळीत कडेला उभे राहून संधी मिळताच पुढच्या विंगरच्या (कडेने आक्रमण करणाऱ्या सोबत्याच्या) बाहेरून धाव घेणे हे पहिले. मागे तीन सेंटरबॅक (मधोमध खेळणारे बचावपटू) ठेवून संपूर्ण बगल एकट्याने सांभाळणे हे दुसरे, ज्याला विंगबॅक म्हणतात. चेंडू आपल्याकडे असताना आत सरकून मधल्या फळीत उभे राहणे हे तिसरे, आणि अलीकडच्या वर्षांत ते बरेच वाढले आहे.

मोरोक्कोचा अश्रफ हकीमी याच्याकडे पाहिल्यास हा फरक चटकन कळतो. इंटर मिलानकडून 2020-21 च्या हंगामात तो अंतोनियो काँते यांच्या रचनेत विंगबॅक होता, मागे तीन सेंटरबॅक उभे असत आणि त्याने लीगमध्ये 7 गोल केले. 2022 च्या विश्वचषकात हाच खेळाडू मोरोक्कोसाठी प्रामुख्याने चौघांच्या बचावफळीत उजवीकडे खेळला. उपांत्य फेरी गाठेपर्यंतच्या पाच सामन्यांत मोरोक्कोवर फक्त एक गोल झाला आणि तोही स्वयंगोल होता. त्या पाच सामन्यांत हकीमीच्या नावावर खेळातून एकही गोल नाही म्हणून त्याचा फॉर्म हरपला होता, असे म्हणणाऱ्याने त्याला दिलेले काम वाचलेलेच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही वेळा तर जागाच बदलते. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्ड 2024 च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या पहिल्या दोन सामन्यांत, सर्बिया आणि डेन्मार्कविरुद्ध, मधल्या फळीत खेळला. बायर्न म्युनिकमध्ये डावा फुलबॅक असलेला अल्फोन्सो डेव्हिस कॅनडाकडून अनेकदा बराच पुढे खेळतो; 2022 मध्ये क्रोएशियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला हेडरने त्याने कॅनडाचा विश्वचषकातील पहिला गोल केला, तो आघाडीपटूच्या जागेवरून. ही मिनिटे फुलबॅकच्या हिशोबात धरूच नयेत. त्यांच्यासाठी वेगळे पान असावे.

काम ओळखण्यासाठी पहिल्या पंधरा मिनिटांत तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. आपल्या सेंटरबॅककडे चेंडू असताना हा खेळाडू कोठे उभा असतो? त्याच्या पुढचा विंगर रेषेला चिकटून राहतो की आत येतो? आणि हा पुढे गेला की मागची मोकळी जागा कोण भरतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असेल, तर पुढच्या नोंदी वाचताना त्याची आठवण ठेवावी लागते.

दुसरी पायरी: सामने नव्हे, मिनिटे

क्लबसाठी शेवटचे दहा पूर्ण सामने, म्हणजे साधारण 900 मिनिटे, एवढा पल्ला धरावा. त्याहून कमी धरल्यास एका सुंदर क्रॉसने (कडेवरून गोलसमोर टाकलेल्या चेंडूने) सगळे चित्र फिरते, आणि त्याहून फार मागे गेल्यास आपण फॉर्मऐवजी कर्तृत्व मोजू लागतो. उशिरा मैदानात आलेल्या खेळाडूची पंधरा-वीस मिनिटे वेगळी लिहावीत, कारण थकलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर ताज्या पायांचा फुलबॅक नेहमीच वेगवान दिसतो.

आकड्यांची तुलना दर 90 मिनिटांमागे करावी. देशाच्या वहीत मात्र सरासरी काढण्याचा मोह टाळावा. राष्ट्रीय संघांच्या एका खिडकीत, म्हणजे क्लबचे सामने थांबवून देशांसाठी राखलेल्या दिवसांत, बहुधा दोनच सामने होतात आणि वर्षाकाठी मोजून आठ-दहा. एवढ्या तोकड्या मिनिटांना भागाकार लावला, तर येणारे उत्तर नेमके दिसते, पण खरे नसते. तेथे प्रत्येक सामन्याची नोंद शब्दांत करावी.

तिसरी पायरी: असिस्टचा आकडा सोलून पाहावा

अलेक्झांडर-आर्नोल्डने 2018-19 मध्ये लिव्हरपूलकडून प्रीमियर लीगमध्ये 12 असिस्ट (सोबत्याच्या गोलाआधीचा शेवटचा पास) केले आणि पुढच्या हंगामात 13. दुसऱ्या बगलेवरच्या अँडी रॉबर्टसनचे आकडे त्याच दोन हंगामांत 11 आणि 12 होते. हे आकडे थोरच आहेत, परंतु फॉर्म पाहताना त्यांचे दोन भाग करावे लागतात: चालू खेळातून आलेले असिस्ट आणि कॉर्नर किंवा फ्री किकवरून आलेले. मे 2019 मध्ये बार्सिलोनाविरुद्ध अलेक्झांडर-आर्नोल्डने झटकन घेतलेल्या कॉर्नरवर त्याचा सोबती ओरिगी याने गोल केला, तो क्षण विसरता येणार नाही. तरीही त्या कॉर्नरवरून उजव्या बगलेवरच्या त्याच्या धावांबद्दल काहीच कळत नाही. देशाच्या संघात कॉर्नर दुसराच कोणी घेत असेल, तर त्याचे असिस्ट आपोआप घटतात आणि त्याचा खेळ मात्र तसाच असतो.

गोलांनाही हाच नियम लावावा. मार्च 2019 मध्ये अंधेरीत झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात बंगळुरूच्या राहुल भेकेने गोव्याविरुद्ध जादा वेळेत कॉर्नरवर हेडर मारून सामन्यातील एकमेव गोल केला. मुंबईच्या मुलाने मुंबईत करंडक जिंकून दिला, याचा आनंद आम्हाला आजही आहे. तो गोल बचावपटूच्या हवेतील ताकदीच्या खात्यात जातो, बगलेवरच्या आक्रमणाच्या खात्यात नव्हे.

असिस्ट हा दोघांचा आकडा असतो. क्रॉस उत्तम पडला आणि आघाडीपटूने तो आकाशात मारला, तर फुलबॅकच्या नावावर काहीच लागत नाही. म्हणून आकडेवारीच्या संकेतस्थळांवर ‘एक्सपेक्टेड असिस्ट’ हा रकाना अवश्य पाहावा. दिलेल्या पासचे गोलमध्ये रूपांतर होण्याची शक्यता किती होती, हे त्यात मोजलेले असते. असिस्ट कमी आणि हा आकडा स्थिर असेल, तर खेळाडूचा फॉर्म शाबूत आहे आणि समोरचे पाय चुकत आहेत, असा साधारण अर्थ लावता येतो. असिस्ट वाढलेले आणि हा आकडा घसरलेला असेल, तर कौतुक जरा आवरते घ्यावे.

चौथी पायरी: चेंडूकडे न पाहता पाहावे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण आक्रमक फुलबॅकचा निम्म्याहून अधिक खेळ चेंडूशिवाय घडतो आणि दूरचित्रवाणीचा कॅमेरा नेमका चेंडूच्या मागे फिरतो.

चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला आणि युरोपातल्या हिवाळ्यात दीडला सुरू होतात. त्या वेळी सामना मनापासून पाहावा आणि वही मिटलेली ठेवावी. नोंदी दुसऱ्या दिवशी, पुन्हा पाहताना कराव्यात. एकदा पाहताना फक्त त्याच्या पुढच्या धावा मोजाव्यात, दुसऱ्यांदा फक्त परतीच्या. धाव कधी सुरू झाली, हे तिच्या वेगापेक्षा महत्त्वाचे असते. मधल्या फळीतल्या सोबत्याने मान वर करण्याच्या क्षणी जो निघतो, तो फॉर्मात असतो. पास सुटल्यावर जो निघतो, तो कितीही वेगवान असला तरी बहुधा अर्धे पाऊल मागे पडतो. चेंडू मिळाला नाही तरी त्याच्या धावेमुळे प्रतिस्पर्धी बचावपटू बाहेर ओढला गेला आणि आत विंगरला मोकळी जागा मिळाली, तर त्या धावेला पूर्ण गुण द्यावेत.

परतीच्या धावेबाबत मी एकच गोष्ट लिहितो: संघाने चेंडू गमावल्यावर पहिल्या तीन सेकंदांत त्याने काय केले. चेंडूवाल्यावर झडप घालणे किंवा थेट आपल्या गोलकडे वळणे, यांपैकी काहीही ठीक आहे; मध्येच घुटमळणे ठीक नाही. कबड्डीत कोपऱ्याच्या खेळाडूने अवेळी झेप घेतली की साखळी तुटते आणि चढाईपटूला वाट मिळते, तसेच येथे होते. मात्र प्रत्येक मोकळ्या जागेचा दोष त्याच्यावर टाकू नये. पहिल्या पायरीत विचारलेला तिसरा प्रश्न येथे कामी येतो, कारण ती जागा भरण्याचे काम मधल्या फळीतल्या दुसऱ्या खेळाडूला दिलेले असू शकते.

ही नजर पडद्यासमोर बसून तयार होत नाही. ऑक्टोबर 2017 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 17 वर्षांखालील विश्वचषकाची स्पेन आणि माली यांच्यातील उपांत्य लढत झाली, स्पेनने ती 3-1 अशी जिंकली. तेथे उंच गॅलरीतून मी आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा अर्ध एकाच कडेच्या बचावपटूकडे पाहत काढला. चेंडू पलीकडच्या बगलेला असताना तो किती वेळा मान वळवून आपल्या मागे पाहतो, हे मला त्या दिवशी दिसले आणि तेव्हापासून फुटबॉल पाहण्याची माझी रीत बदलली. जाता जाता सांगतो, त्या स्पेनच्या संघातला सर्जिओ गोमेस हा तेव्हाचा आक्रमक खेळाडू पुढे बेल्जियममध्ये अँडरलेख्टकडून खेळताना डावा फुलबॅक झाला आणि 2022 मध्ये मँचेस्टर सिटीत गेला. मोठे सामने रोज होत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी नेरूळच्या यशवंतराव चव्हाण मैदानावर किंवा घराजवळच्या कोणत्याही मैदानावर कॉर्नरच्या झेंड्यामागे उभे राहावे आणि वीस मिनिटे एकाच मुलाकडे पाहावे. हा सराव सर्वांना परवडणारा आहे.

पाचवी पायरी: देशाच्या वहीला जोड शोधावी

आता मूळ वादाकडे येऊ. क्लब आणि देश यांची सरसकट तुलना करू नये. देशाच्या प्रत्येक सामन्यासाठी क्लबचा त्याच धर्तीचा सामना जोडीला शोधावा.

मंदार राव देसाई हा मुळात विंगर, पण एफसी गोवा संघाच्या चेंडू ताब्यात ठेवून खेळण्याच्या पद्धतीत सर्जिओ लोबेरा यांच्या हाताखाली तो डावा फुलबॅक म्हणून बराच पुढे खेळत असे. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली, आणि कतार त्याच वर्षी आशियाई विजेता झालेला होता. भारताने तो सामना 0-0 असा बरोबरीत सोडवला. त्या रात्री आपला संघ बहुतांश वेळ स्वतःच्या अर्ध्या भागात होता. मंदारच्या गोव्यातील साप्ताहिक आलेखाशेजारी ही रात्र ठेवली, तर तो निष्प्रभ वाटेल. गोवा संघ दबावाखाली येऊन मागे ढकलला गेला, असा एखादा सामना शेजारी ठेवला, तर मात्र योग्य प्रश्न विचारता येतो: बचावाला जुंपलेला असताना हा खेळाडू कसा वागतो?

जोड लावताना तीन गोष्टी तपासाव्यात. प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि चेंडूचा ताबा साधारण सारखा हवा. पुढचा विंगर आणि शेजारचा सेंटरबॅक कोण आहे, तेही पाहावे, कारण क्लबमध्ये रोज सराव करून जुळलेली जोडी राष्ट्रीय शिबिराच्या चार दिवसांत पुन्हा उभी राहत नाही. सामन्याआधीचा प्रवास किती झाला, हीदेखील नोंद ठेवावी. अशी जोड न सापडल्यास त्या सामन्यावरून मत बनवू नये.

एकाच स्पर्धेतही खेळाडूची नोंद किती उलटसुलट असू शकते, हे थिओ हर्नांडेझने 2022 च्या विश्वचषकात दाखवले. भाऊ लुकास जायबंदी झाल्यावर त्याला फ्रान्सची डावी बगल मिळाली. 10 डिसेंबरला इंग्लंडविरुद्ध त्याने मेसन माउंटला पाडून पेनल्टी दिली, ती इंग्लंडच्या हॅरी केनने बाहेर मारली. 14 डिसेंबरला मोरोक्कोविरुद्ध त्याने पाचव्या मिनिटाला गोल केला. 18 डिसेंबरच्या अंतिम सामन्यात फ्रान्स 0-2 असा मागे असताना 71 व्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावून मधल्या फळीतल्या कामाविंगाला डाव्या फुलबॅकच्या जागी उतरवले गेले. नऊ दिवसांतले हे तीन सामने तीन वेगळे निकाल सुचवतात. मी त्यांपैकी कोणताही एक सामना धरून त्याचा फॉर्म ठरवणार नाही. तिन्ही सामन्यांत त्याच्या मागच्या जागेवर प्रतिस्पर्ध्याने किती वेळा चेंडू टाकला, ते मोजेन.

दुखापतीतून परतलेल्या खेळाडूसाठी नवे पान सुरू करावे. डेव्हिसच्या गुडघ्याचा अस्थिबंध मार्च 2025 मध्ये कॅनडाकडून खेळताना फाटला. अशा दुखापतीनंतरच्या पहिल्या काही सामन्यांत सत्तराव्या मिनिटानंतरच्या परतीच्या धावा तेवढ्या पाहाव्यात, क्रॉस मोजू नयेत.

सहावी पायरी: निकाल एका वाक्यात लिहावा

शेवटी दोन्ही वह्या शेजारी ठेवून निकाल लिहावा आणि त्यात काम, मिनिटे आणि अट या तिन्ही गोष्टी असाव्यात. नमुन्यादाखल: ‘क्लबकडून 870 मिनिटे, चौघांच्या फळीत, विंगर आत येत असताना बाहेरच्या धावा वेळेवर, देशाकडून 180 मिनिटे, पुढे जोडीदार नवा, बचावात क्लबच्या जोडीला ठेवलेल्या सामन्याइतकाच भक्कम, सत्तर मिनिटांनंतर परतीची धाव मंद.’ पुढच्या खिडकीनंतर हेच पान उघडावे आणि त्यातला जो भाग टिकला नाही, तो खोडून खाली नवी तारीख घालावी.