जॉ प्लेट वेळेआधी तडकली, तर दोष नेहमी ओतकामाचाच नसतो

दगड फोडणाऱ्या क्रशरची नवी जॉ प्लेट, म्हणजे जबड्यावर (जॉवर) बसवलेली, दगडाचा मारा खाणारी बदलती प्लेट, लवकर तडकली. कारण प्लेटच्या मागे निघालं. जुनी प्लेट सैल पडून घासत राहिल्याने जॉचा पृष्ठभाग खोलगट झाला होता, त्यामुळे नव्या प्लेटला मधोमध आधारच नव्हता. प्लेट मँगनीज स्टीलची असते; ते मारा खाऊन कडक होतं, पण पोकळ जागेवर वाकून वाकून ते तडकतंच. पृष्ठभाग साफ केला, सरळ पट्टी लावून फट मोजली, झीज भरून सपाट केली, मग प्लेट बसवली. वेज (प्लेट घट्ट धरणारी पाचर) आणि बोल्ट पहिल्या पाळीनंतर पुन्हा आवळले. हे आवळणं कृपया टाळू नका. प्लेट ताणली जाते आणि बोल्ट सैल होतात.

खरेदीची चूकही होतीच. माप झिजलेल्या प्लेटवरून दिलं होतं. आता मशीनचं मॉडेल, सीरियल नंबर आणि प्लेटमागचा ओतीव पार्ट नंबर देते. फिक्स (स्थिर) आणि स्विंग (हलत्या) जॉच्या प्लेटा वेगळ्या असू शकतात, हेही स्पष्ट लिहिते.

मँगनीज स्टीलचा ग्रेड दगड पाहून ठरवा. १३ टक्के मँगनीज सर्वसाधारण कामाला पुरतं. कठीण, घासणाऱ्या दगडाला १८ टक्के. मऊ दगडात मारा कमी, त्यामुळे जास्त मँगनीजचे पैसे वाया जातात. माल आला की चुंबक लावा: नीट उष्णोपचार झालेलं मँगनीज स्टील जवळजवळ चिकटत नाही.

प्लेटा खालून आधी झिजतात. प्लेटच्या रचनेत चालत असेल तर दाते सपाट होण्याआधीच ती वरची बाजू खाली करून उलटवा.