केळी पिकवण्याच्या खोलीतला (रायपनिंग चेंबर) पाऱ्याचा थर्मामीटर काढताना

रावेर-सावद्याकडे काचेच्या थर्मामीटरने केळीच्या गराचं तापमान पाहत असाल, तर पहिलं ते थांबवा. काच फुटली की पारा क्रेटमध्ये उतरतो आणि तो माल टाकूनच द्यावा लागतो. गरासाठी टोकदार स्टील प्रोबचा डिजिटल थर्मामीटर घ्या.

चेंबरसाठी पीटी-100 सेन्सर (तापमानानुसार विद्युत रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) आणि डिजिटल कंट्रोलर बसवा. सेन्सर आणि केबल दोन्ही तीन तारांचीच हवीत, तिसऱ्या तारेमुळे केबलचा स्वतःचा रोध वजा होतो. सेन्सरचा रोध अंशामागे जेमतेम 0.385 ओहम बदलतो. दोन तारांवर भागवलं आणि केबलचाच एक ओहम वाढला, तर कंट्रोलर अडीच अंश जास्त दाखवतो. मग कंप्रेसर उगाच चालत राहतो. केळी 13 अंशांखाली गेली की साल राखट पडते, आणि पुढे कितीही ऊब दिली तरी तो पिवळाधमक रंग येत नाही. सेन्सर कूलरच्या थेट झोतात किंवा दारापाशी नको. कूलरकडे परत जाणाऱ्या हवेत, भिंतीपासून चार बोटं सोडून लावा.

बसवण्याआधी बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांच्या लगद्यात सेन्सरचं टोक पाच मिनिटं धरा, भांड्याला टेकू देऊ नका. आकडा शून्याच्या अर्ध्या अंशात यायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र 100 शोधू नका, जळगावच्या उंचीवर ते 99.3 च्या आसपासच उकळतं.

आर्द्रतेसाठी स्वस्त डिजिटल मीटर 90-95 टक्क्यांत ओला होऊन भरकटतो. त्यापेक्षा लाल स्पिरिटचा ओल्या-कोरड्या बल्बचा जोड बरा: दोन थर्मामीटर, एकाच्या बल्बवर ओली वात, दोघांतल्या फरकावरून आर्द्रता कळते. वातीला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच घाला, ॲसिड नव्हे. बोअरच्या पाण्याचे क्षार बसून वात कडक होते आणि आर्द्रता आहे त्याहून जास्त दिसते.

काढलेले थर्मामीटर झाकणाच्या प्लास्टिक बरणीत, कापडात गुंडाळून, नाव लिहून ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये नको: 20 वरून 40 अंशांवर पाऱ्याची वाफ सुमारे पाचपट होते, आणि आपला मे महिना 40 वर थांबत नाही.

पारा सांडलाच तर आधी चेंबरचे पंखे बंद, माणसं बाहेर, दार उघडं. अंगठ्या काढा, सोनं पारा धरतं. रबरी हातमोजे घालून दोन जाड कार्डांनी थेंब एकत्र करा, ड्रॉपरने उचला. टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की बारीक थेंब चमकतात. फटीत गंधकाची भुकटी टाका. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर अजिबात नाही, त्याने पारा आणखी पसरतो. मोरीत ओतू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. बरणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या घातक कचरा संस्थेकडे सोपवा आणि पावती जपून ठेवा.