नाशिकहून अल्पपरिचित बेटांवर जाण्यासाठी आखणी कशी करावी

नाशिकहून समुद्राकडे निघणारी कुटुंबे बहुधा अलिबाग, दिवेआगर किंवा गोव्यापर्यंत जातात आणि ज्यांना बेटच पाहायचे असते ती अंदमानातील स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, गाठतात. ही ठिकाणे सुंदर आहेत यात वाद नाही. परंतु शांत पाणी, रिकामी पुळण आणि प्रवाळांचे सान्निध्य हवे असेल तर त्यांच्या पलीकडे जायला हवे. अल्पपरिचित बेट निवडताना सौंदर्याचा विचार शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे बोट कोणत्या महिन्यांत चालते, परवाना लागतो का आणि हवामान बिघडून बोट रद्द झाली तर एक-दोन दिवसांची सवड हाताशी आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. कारण या बेटांवर गर्दी नाही ती मुख्यतः तेथवर पोहोचणे कठीण असल्यामुळेच.

आधी महिना ठरवावा

अरबी समुद्रातील बेटांसाठी ऑक्टोबर ते मेचा पहिला पंधरवडा हा काळ योग्य असतो. त्यानंतर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळतो आणि पर्यटकांच्या फेऱ्या बंद होतात. अंदमानात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही पाऊस आणि वादळे असतात, म्हणून दिवाळीच्या सुटीत तेथे जाण्यापेक्षा डिसेंबर ते एप्रिल हे महिने पाहावेत. निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागायतदारांची अडचण निराळी आहे. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी, असे त्यांचे वर्ष बांधलेले असते. अशा घरांतील निदान काही जणांना मेचे पहिले दहा-बारा दिवस मोकळे करता येतात आणि तेवढ्यात लक्षद्वीप नीट पाहून होते. मात्र परतीची तारीख महिन्याच्या मध्यापलीकडे जाऊ देऊ नये.

लक्षद्वीप: नाशिकरोडहून थेट रेल्वे

लक्षद्वीपच्या सर्व ३६ बेटांची मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर जमीन भरते आणि त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे. नाशिककरांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट म्हणजे दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि कोकण रेल्वेमार्गे दिवसाहून थोड्या अधिक वेळात कोचीच्या दाराशी पोहोचवते. तेथून पुढे दोन वाटा आहेत: विमानाने अगत्ती बेट, किंवा प्रशासनाच्या प्रवासी जहाजाने ठरलेले बेट. जहाजाला बेटाच्या अंतरानुसार साधारण १४ ते २० तास लागतात. गाडी दुरून येते, तेव्हा जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी कोचीत उतरण्याचा बेत करू नये. आदला संपूर्ण दिवस राखून ठेवावा.

परवान्याशिवाय लक्षद्वीपमध्ये प्रवेश नाही. १९६७ च्या नियमांनुसार हा प्रवेश-परवाना भारतीय नागरिकांनाही घ्यावा लागतो आणि त्यावर ज्या बेटांची नावे असतील तेथेच जाता येते. म्हणून आधी बेटे निश्चित करावीत, मग अर्ज करावा. अर्जातील नाव ओळखपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. आपल्याकडे वडिलांचे किंवा पतीचे नाव कधी लिहिले जाते, कधी गाळले जाते, तिकडे विशेष लक्ष द्यावे. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला जाऊ शकतो. नाशिक शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयाकडे आणि तालुक्यांतील रहिवाशांनी ग्रामीण पोलिसांकडे त्यासाठी काही आठवडे आधी अर्ज करणे हिताचे ठरेल.

बेटांची रचना समजली की निवड सोपी होते. येथील बहुतेक बेटे प्रवाळकड्याच्या पूर्व बाजूला वसलेली असून त्यांच्या पश्चिमेला कड्याच्या आत उथळ, शांत पाणी, म्हणजे खाजण, पसरलेले असते, त्यामुळे पोहायचे ते पश्चिमेकडे. पूर्वेच्या किनाऱ्यावर लाटा थेट आदळतात. आंद्रोतला असे खाजणच नाही, म्हणून लहान मुले बरोबर असल्यास ते बेट टाळावे. कदमत लांबट व अरुंद आहे, त्याचे खाजण विस्तीर्ण आहे आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तेच निवडावे असे मी सुचवीन. मिनिकॉय मात्र मनाला अधिक भिडते. द्वीपसमूहाच्या अगदी दक्षिण टोकाला, मालदीवच्या शेजारी असलेल्या या चंद्रकोरीसारख्या बेटावर महल नावाची भाषा बोलली जाते आणि १८८५ मधील दीपगृह अजून उभे आहे. बंगारम वगळता या बेटांवर मद्यबंदी आहे, शिवाय वस्ती मुस्लिम असल्याने गावातून फिरताना अंगभर कपडे घालावेत.

जहाज अनेक बेटांवर धक्क्याला न लागता प्रवाळकड्याबाहेर थांबते आणि प्रवाशांना हलत्या जहाजातून लहान होडीत उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना घेऊन जाणार असाल तर अगत्तीचे विमान घ्यावे, जरी त्यात पैसे अधिक लागले तरी.

प्रवाळावर पाय ठेवू नये, हे येथे कळकळीने सांगावेसे वाटते. समुद्राचे पाणी तापल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये येथील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले, म्हणजे ते रंग गमावून पांढरे पडले, आणि जे पुन्हा वाढत आहे ते एका पावलाने मोडते. उभे राहायचे असेल तर वाळूचा पट्टा पाहूनच उभे राहावे.

अंदमानातील मागे राहिलेली बेटे

अंदमानसाठी भारतीयांना परवाना लागत नाही, मात्र आदिवासी राखीव क्षेत्रे पूर्णपणे वर्ज्य आहेत. श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, येथे उतरून उत्तरेकडे दिगलीपूरपर्यंत जाण्याची तयारी असेल, तर रॉस आणि स्मिथ ही वाळूच्या पट्ट्याने जोडलेली जुळी बेटे पाहता येतात. भरतीच्या वेळी हा पट्टा पाण्याखाली जातो, तेव्हा वेळ विचारूनच होडी ठरवावी. याच रॉस नावाचे दुसरे बेट राजधानीसमोर आहे आणि त्याचे नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे. आरक्षण करताना गल्लत होऊ देऊ नये. लाँग आयलंडवरील लालाजी बे येथे जंगलातून पायी किंवा होडीने जावे लागते, आणि म्हणूनच तेथील शांतता टिकून आहे. लिटल अंदमानचा बटलर बे किनारा दूर आहे, पण लाटांवर स्वार होण्याची आवड असणाऱ्या तरुणांनी तो विचारात घ्यावा. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असतो. फलक लावलेला असेल तेथे गुडघाभर पाण्यातही उतरू नये. सरकारी बोटींची तिकिटे मर्यादित असतात, एटीएम कमी आणि नेटवर्क बेभरवशाचे, म्हणून रोख रक्कम जवळ असावी. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस राजधानीत मोकळा ठेवावा.

रजा थोडी असेल तर

मंगला एक्स्प्रेसनेच उडुपीला उतरून मलपे बंदरातून सेंट मेरीज बेटांवर जाता येते. तेथे मुक्कामाची सोय नाही, पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. पण सह्याद्रीचा काळा कातळ रोज पाहणाऱ्या माणसाने तेथील लाव्हाचे बहुकोनी खांब अवश्य पाहावेत. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर हे खांब त्याहूनही जुने, मादागास्कर भारतापासून विलग होतानाच्या काळातील आहेत.

मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी ओहोटीत उघडा पडणारा वाळूचा बेटवजा पट्टा आहे. कोकण किनाऱ्यावर भरतीचा अंदाज घेण्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याचा जुना हिशेब कामी येतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. अंदमानात किंवा लक्षद्वीपमध्ये मात्र हा हिशेब लावू नये. तेथे स्थानिक नावाड्यालाच विचारावे.

पावसाळ्यातच सुटी मिळत असेल तर

अशा वेळी विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे पाहावे. मॉरिशसच्या मुख्य बेटापासून पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर असलेले रॉड्रिग्ज बेट जून ते सप्टेंबर या काळात कोरडे व सुखद असते, फक्त वारा जोराचा असतो. त्याभोवतीचे खाजण बेटाच्या जमिनीहून मोठे आहे. मॉरिशससाठी भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि तेथून रॉड्रिग्जला दीड तासाचे विमान आहे. मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वसलेला मराठी समाज आहे, त्यामुळे वाटेत दोन दिवस मुख्य बेटावर थांबणे मला आवश्यक वाटते.

कोठेही स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर ते सहलीच्या सुरुवातीला उरकावे. शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास, विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबाखाली बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू शकतो. हेच कारण घाटालाही लागू होते: मालवणहून नाशिकला परतताना वाटेत सह्याद्री चढावा लागतो, म्हणून बुडी मारली त्याच संध्याकाळी गाडी काढण्यापूर्वी प्रशिक्षकाला विचारावे आणि त्याने थांबायला सांगितल्यास मुक्काम एका रात्रीने वाढवावा.