डीओ अडवला? आधी विचारा, पैसे कशाचे

न्हावा शेव्याला सीएचएचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्या एजंटचं, काम करत मला बावीस वर्षं झाली. "ताई, लाइन डीओ सोडत नाही," म्हणजे जहाज कंपनी माल ताब्यात द्यायची डिलिव्हरी ऑर्डर देत नाही, असा फोन आला की मी पहिलं विचारते, पैसे कशाचे मागतात? याच मालाचे की मागच्या कुठल्या?

सगळी मेख तिथेच आहे. याच मालाचं भाडं थकलं असेल तर ते मिळेपर्यंत माल धरून ठेवायचा हक्क वाहतूकदाराला असतो. जुन्या बाकीसाठी मात्र आजचा कंटेनर सहजासहजी अडवता येत नाही. करार कायदा, 1872 चं कलम 171 तसा हक्क बँका, आडते, धक्केवाले अशा मोजक्यांनाच देतं. इतरांना तो करारात स्पष्ट लिहिलेला असेल तरच मिळतो. म्हणून बीएलची, म्हणजे बिल ऑफ लेडिंग या जहाजाच्या माल-पावतीची, मागची बाजू वाचा. अक्षर मुंगीएवढं असतं, भिंग घ्या. लियनचं, म्हणजे माल धरून ठेवायच्या हक्काचं, कलम शोधा आणि 'मर्चंट'ची व्याख्याही. त्या एका शब्दात बहुतेकदा माल पाठवणारा, घेणारा, बीएल बाळगणारा असे सगळेच कोंबलेले असतात.

चाकणच्या एका कारखानदाराने फॉरवर्डरला, म्हणजे वाहतूक ठरवून देणाऱ्या मध्यस्थाला, भाडं कधीच चुकतं केलं होतं. फॉरवर्डरने लाइनची जुनी बिलं थकवली आणि अडकला याचा कंटेनर. लाइनने दिलेल्या मास्टर बीएलवर 'फ्रेट प्रीपेड' (भाडं आधीच भरलं) स्वच्छ छापलेलं! मला फार राग आला होता. त्याच संध्याकाळी ईमेल टाकला: किती रक्कम, कुठल्या बीएलची, कुठल्या कलमाखाली, लेखी कळवा. असं तुम्हीही विचारा. फोनवरचं बोलणं नंतर कुणी कबूल करत नाही.

उत्तराची वाट बघताना डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) आणि सीएफएसचं (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचं) भाडं रोज चढतं, हे विसरू नका. वादाची रक्कम त्याहून कमी असेल तर 'अंडर प्रोटेस्ट' (हरकत राखून) असं लिहून भरा आणि माल सोडवा. जबरदस्तीने घेतलेले पैसे करार कायद्याच्या कलम 72 खाली परत मागता येतात. आम्ही तेच केलं. रक्कम मोठी असेल तर वकील गाठा. ती कोर्टात जमा करून किंवा बँक गॅरंटी देऊन माल मोकळा करायचा अर्ज करता येतो. उशीर नको. माल उतरल्यापासून 30 दिवसांत क्लिअर झाला नाही, तर कस्टम्स कायद्याच्या कलम 48 खाली नोटीस देऊन तो विकता येतो.

माल ताब्यात येताच सील आणि पेट्या बघा. बाहेरून न दिसणारी मोडतोड निघाली तर तीन दिवसांत वाहतूकदाराला लेखी कळवा.