मुलांची कादंबरी छापून येण्याआधी काय काय करावं

माझ्या आधीच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला मंचावर पाच खुर्च्या, पाच शाली आणि पाच नारळ होते. भाषणं पावणेदोन तास चालली. समोरची पोरं फक्त बटाटेवडे कधी येणार एवढंच विचारत होती. त्या दिवशी अकरा प्रती खपल्या, त्यातल्या चार माझ्या नणंदेने घेतल्या. या खेपेला मी सगळं उलटं केलं. खटपट सहा महिने आधी सुरू केली आणि समारंभ चाळीस मिनिटांत उरकला. तुमची मुलांची कादंबरी येऊ घातली असेल तर त्यातलं काही उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मोठ्यांच्या पुस्तकात वाचणारा आणि पैसे देणारा बहुतेक वेळा एकच असतो. आपलं तसं नाही. दहा वर्षांच्या पोराच्या खिशात दीडशे रुपये नसतात, आणि ज्या आईकडे ते असतात तिला गोष्टीत पुढे काय होतं याच्याशी काही देणंघेणं नसतं. तेव्हा पोराला गोष्टीची ओढ लावायची आणि आईच्या हातात किंमत, तारीख आणि पैसे भरायची सोय द्यायची, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच पोस्टरमध्ये दोन्ही कोंबलं की ते दोघंही वाचत नाहीत.

माझी कादंबरी पाचवीतल्या एका मुलीची आहे. तिची आई एसटीत कंडक्टर आणि गाडीत कुणीतरी विसरलेली एक पिशवी. ११२ पानं, म्हणजे सोळा पानी सात फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं). छापील किंमत १८० रुपये. माझे वडील कंडक्टर होते, त्यांची तिकिटांची पेटी आणि भोक पाडायचा पंच अजून घरात आहे. हा पंचच पुढे सगळ्यात जास्त कामाला आला.

आता पहिलं काम. तुमच्या पुस्तकातल्या जगात प्रत्यक्ष राहणारी माणसं शोधा. पुस्तकं वाचणारी माणसं नंतर. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली, त्यामुळे १ जून हा एसटीचा वाढदिवस. मी मुखपृष्ठ त्याच दिवशी दाखवलं. शाळांना सुट्टी होती, लेखक मंडळींनी नेहमीप्रमाणे अंगठा दाखवून पोच दिली. पण निवृत्त चालक-वाहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते चित्र असं फिरलं की तीन दिवसांत अनोळखी आजोबांचे फोन आले, ‘नातवाला पाहिजे, कुठं मिळंल?’ तुमची गोष्ट पतंगांची असेल तर मांजावाल्यापासून सुरुवात करा, कुस्तीची असेल तर तालमीपासून. आणि मुखपृष्ठ दाखवताना चित्रकाराचं नाव स्वतःच्या नावाइतकंच ठळक घाला. चित्रं बुकमार्कवर वापरायची तर आधी विचारा आणि त्याचे वेगळे पैसे द्या.

जुलैत एक प्रकरण दिवाळी अंकाला पाठवा. ऑगस्ट उजाडला की उशीर झालाच म्हणून समजा. स्वतंत्र कथा म्हणून उभं राहील असंच प्रकरण निवडा, आणि पुस्तक डिसेंबरात येणार हे संपादकांना आधीच सांगून ठेवा. लपवलंत तर पुढच्या वर्षी दार बंद.

आता शाळा. प्रकाशन १४ नोव्हेंबरला करायचा मोह सगळ्यांना होतो. दिवाळी नोव्हेंबरात आली की तो बालदिन सुट्टीत जातो, आणि नाही गेला तरी त्या दिवशी शाळेत तुमच्यासारखे आणखी चार पाहुणे असतात. डिसेंबरच्या मध्यानंतर गॅदरिंगची धामधूम. मी डिसेंबरचा पहिला रविवार धरला. पण शाळेत गेले ते १५ ऑक्टोबरच्या आठवड्यात. वाचन प्रेरणा दिनाला काहीतरी कार्यक्रम करायचाच असतो, आणि सत्र परीक्षेच्या गडबडीत तो कुणी आयता करून दिला तर मुख्याध्यापकांना हवंच असतं. सप्टेंबरातच एका पानाचं पत्र नेऊन द्या: कोणती इयत्ता, किती वेळ, काय लागेल. मला फक्त एक खुर्ची लागेल, माइक नको, असं मी लिहिलं होतं. हार-नारळ नको हेही लिहिलं, तरी नारळ आलाच.

तास पस्तीस मिनिटांचा असतो. बारा मिनिटं वाचा, जास्त नाही. कुठे थांबायचं हे मात्र घरीच ठरवून जा. मी प्रूफं, म्हणजे छपाईआधी तपासायची पानं, हातात असतानाच शेजारच्या तीन पोरांना पहिलं प्रकरण वाचून दाखवलं आणि पेन्सिलीने समासात खुणा केल्या: इथे चप्पल खेळवायला लागला, इथे खिडकीबाहेर बघितलं, इथे तिघंही गप्प. जिथे तिघंही गप्प झाली त्याच्या दोन ओळी पुढे मी रेघ मारली. वर्गात तिथेच थांबले. मुलगी पिशवीची चेन निम्मी उघडते, आत काहीतरी हलतं, आणि मागून डेपोतला वॉचमन ‘ए पोरी’ म्हणून ओरडतो. मी कागद मिटला. वाईच्या एका शाळेत शेवटच्या बाकावरचा पोरगा उभाच राहिला. ‘बाई, मांजर हाय का आत?’ मी म्हटलं, तिकीट काढ, मग कळंल.

तिकीट म्हणजे आमचं बुकमार्क. जुन्या एसटी तिकिटासारखा पातळ रंगीत कागद, वर आकडे छापलेले. प्रत्येकाच्या तिकिटाला मी वडिलांच्या पंचाने भोक पाडत वर्गभर फिरले. पेटीवर पंच टकटक वाजवला की अख्खा वर्ग ‘पुढे सरका’ ओरडायचा. तिकिटाच्या मागच्या बाजूला मात्र पोरांसाठी एक अक्षर नव्हतं. तिथे आईसाठी: ‘प्रकाशनपूर्व किंमत १३० रुपये, ३० नोव्हेंबरपर्यंत’, एक क्यूआर कोड, आणि ज्यांना तसे पैसे भरायचे नसतील त्यांच्यासाठी गावातल्या पुस्तकाच्या दुकानाचं नाव.

वर्गात विक्री करू नका. चाळीसातली सहा पोरं पैसे आणतात आणि चौतीस मान खाली घालून बसतात, हे मी एकदा बघितलंय. पुस्तक निघाल्यावर वर्गाच्या पुस्तकपेटीसाठी एक प्रत फुकट देईन एवढंच कबूल करा, आणि ती द्या.

दोन चुका माझ्या. गेल्या वेळी एका ओळखीच्यांना अभिप्रायासाठी अख्खी पीडीएफ पाठवली. त्यांनी कौतुकानेच ती पुढे पाठवली. प्रकाशनाच्या आधी ती माझ्याच भाचीच्या पालक ग्रुपवर आली, खाली ‘छान आहे, सेव्ह करून ठेवा.’ आता मी बाहेर फक्त पहिलं प्रकरण देते, तेही कागदावर किंवा माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून. पूर्ण पुस्तक पाच मुलांना दिलं, छापील प्रूफाच्या स्वरूपात, आणि त्यांनी वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं मत पालकांना विचारून वापरलं. एकीने लिहिलं, ‘मधे थोडं बोर आहे पण शेवट भारी.’ ते तसंच लावलं. सगळ्यात जास्त चौकशा त्यानंतर आल्या.

दुसरी चूक तारखेची. फर्मे छापून बाइंडिंगला गेल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. आगाऊ पैसे घेतलेल्या साठ पालकांना ‘अजून आठ दिवस’ असं तीनदा सांगणं काय असतं ते मला विचारा. सवलत देण्याआधी प्रकाशकाशीही नीट बोला. दुकानदाराला कमिशन द्यावंच लागतं. तुम्ही स्वतः त्याच्यापेक्षा फार स्वस्त विकायला लागलात तर तो पुस्तक पुढच्या फळीवर कशाला ठेवील? आमची सवलत तारखेला बंद झाली. नणंदेलाही नंतर १८० पडले.

पाठवणीसाठी पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा बघा. १ मे २०२५ ला सुरू झाली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. माझं पुस्तक त्यात सहज बसतं. ती जमिनीवरच्या वाहतुकीने जाते, त्यामुळे प्रकाशनाच्या दिवशी घरी पोचेल असं कुणाला कबूल करू नका. पाकिटात जाहिरातीची पत्रकंही घालू नका, जाहिरातीचा मजकूर त्या दरात चालत नाही.

प्रकाशनाला पोरांना तिकीट घेऊन यायला सांगितलं होतं. दारात दुसरं भोक, मग जिथे वर्गात थांबले होते त्या ओळीपासून पुढचं वाचन, दोनच माणसांची दोन-दोन मिनिटं, आणि वडे आधी. पंच मात्र कुणाच्या हातात देऊ नका. मी पाच मिनिटं दिला, तर माझ्या निळ्या पैठणीच्या पदराला तीन भोकं पडली आहेत.